वर्गात ‘ढ’, मैदानावर तरबेज. नोंद मात्र कुठेच नाही!

प्रतिनिधी, बारामती

सहावीतील मुलाला मराठीच्या पुस्तकातील उतारा मोठ्याने वाचायला सांगितला जातो. पहिल्याच ओळीतील जोडाक्षरापाशी तो थबकतो, पुढचा शब्द अंदाजाने म्हणतो आणि वर्गात हशा पिकतो. तासाभराने तोच मुलगा शाळेच्या मैदानावर असतो. चेंडू पायाशी येण्यापूर्वीच तो कोणाकडे द्यायचा, हे त्याने ठरवलेले असते. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील शिक्षकांनी थोडे आठवून पाहिले, तर असा एखादा विद्यार्थी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर उभा राहील. प्रगतिपत्रकावर त्याच्या नावापुढे ‘वाचन कच्चे’ असा शेरा पडतो. मैदानावरील त्याच्या जाणकारीची नोंद मात्र कुठेच होत नाही.

ही विसंगती नवी नाही. डिस्लेक्सिया म्हणजे वाचनाची विशिष्ट अक्षमता, या विषयाच्या वैद्यकीय इतिहासातच ती नोंदलेली आहे. इंग्लंडमधील डॉक्टर विल्यम प्रिंगल मॉर्गन यांनी १८९६ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये चौदा वर्षांच्या पर्सी नावाच्या मुलाची हकिगत प्रसिद्ध केली. सात वर्षे शिकवण्या होऊनही या मुलाला लहान लहान शब्द मोठ्या कष्टाने वाचावे लागत. स्वतःचे नाव लिहितानाही त्याच्याकडून अक्षरांची उलटापालट होई. मात्र ७४९ गुणिले ८६७ हे गणित त्याने झटपट आणि अचूक सोडवून दाखवले. तो बुद्धीने चलाख असून खेळातही चपळ आहे, असे मॉर्गन यांनी आवर्जून लिहिले. सारे शिक्षण तोंडी असते, तर हा मुलगा शाळेत सर्वांत हुशार ठरला असता, असे त्याच्या शिक्षकाचे मत होते.

म्हणजे सुमारे १३० वर्षांपूर्वीच एका डॉक्टरने वर्ग आणि मैदान या दोन्ही ठिकाणांची नोंद शेजारी शेजारी ठेवली होती. आज एका बाजूला डिस्लेक्सियाचे संशोधन बरेच पुढे गेले आहे. दुसऱ्या बाजूला फुटबॉलमधील कामगिरीच्या विश्लेषणाचे, म्हणजेच ‘परफॉर्मन्स अॅनालिसिस’चे, स्वतंत्र शास्त्र उभे राहिले आहे. ही दोन्ही शास्त्रे एकत्र पाहिली, तर ग्रामीण शाळांना उपयोगी पडेल असे बरेच काही हाती लागते.

डिस्लेक्सिया म्हणजे नेमके काय?

डिस्लेक्सिया हा डोळ्यांचा दोष नाही, मंदबुद्धीही नाही आणि आळस तर मुळीच नाही. बोललेला शब्द सुट्या ध्वनींमध्ये फोडणे आणि त्या ध्वनींशी अक्षरांची सांगड घालणे, ही क्रिया या मुलांच्या मेंदूत सहजपणे होत नाही. इतरांना सरावाने जे आपोआप जमते, त्यासाठी त्यांना प्रत्येक वेळी प्रयत्न करावे लागतात. व्याख्या कोणती धरली त्यानुसार आकडे बदलतात. तरी शाळकरी मुलांपैकी ५ ते १० टक्के मुलांमध्ये ही अडचण असावी, असा अंदाज जगभर मांडला जातो. चाळीस मुलांच्या वर्गात हे प्रमाण दोन ते चार भरते.

मराठीत ही अडचण इंग्रजीपेक्षा वेगळ्या रूपात दिसते. इंग्रजीत एकाच अक्षराचे अनेक उच्चार होतात, त्यामुळे मूल शब्द चुकीचा वाचते आणि चूक लगेच कळते. मराठीत लिहिलेले आणि बोललेले पुष्कळसे जुळते. त्यामुळे मूल अनेकदा बरोबर वाचते, पण फार सावकाश. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांची गल्लत होते. पहिली वेलांटी लिहिली जाते अक्षराच्या आधी, उच्चारली जाते नंतर. ‘कर्म’मधील रफार ‘म’च्या डोक्यावर बसतो, पण तोंडातून ‘म’च्या आधी निघतो. हा उलटसुलट क्रम सांभाळताना डिस्लेक्सिया असलेले मूल दमते. संथ वाचन म्हणजे दुर्लक्ष किंवा कंटाळा, असा समज होऊन त्याची अडचण वर्षानुवर्षे लपून राहते. इंग्रजी पहिलीपासून आल्यानंतर याच मुलाला दोन वेगळ्या लिप्यांचे नियम एकाच वेळी पेलावे लागतात.

महाराष्ट्र पुढे, तालुका मागे

या विषयात महाराष्ट्राने देशात लवकर पाऊल उचलले. अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती देण्याचा निर्णय राज्यात १९९६ मध्ये झाला. त्याच वर्षी मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. वाढीव वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांबाबत सूट, गणितासाठी कॅल्क्युलेटर अशा सवलती शालान्त परीक्षेपर्यंत पोहोचल्या. ‘तारे जमीं पर’ या २००७ मधील चित्रपटाने हा शब्द घराघरात नेला. पुढे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश २१ प्रकारच्या दिव्यांगत्वात केला.

तपासणीची साधनेही मराठीत आली. हरियाणातील मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात नंदिनी चटर्जी सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘डाली’ नावाचा चाचणीसंच विकसित केला. २०१५ मध्ये तो हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत उपलब्ध झाला. त्याचा एक भाग वर्गशिक्षकांसाठी आहे. पहिली-दुसरीसाठी एक आणि तिसरी ते पाचवीसाठी दुसरी, अशा दोन प्राथमिक चाळण्या त्यात आहेत. निदानासाठीचा दुसरा भाग मानसशास्त्रज्ञांनी वापरायचा आहे. ‘एनसीईआरटी’ने २०२२ मध्ये ‘प्रशस्त’ ही निरीक्षणसूची मोबाइल अॅपच्या रूपात शिक्षकांच्या हाती दिली.

साधने आहेत; प्रश्न ती वापरण्याचा आहे. निदान करणारे तज्ज्ञ मुख्यतः मोठ्या शहरांत एकवटले आहेत. बारामतीहून पुणे सुमारे शंभर किलोमीटरवर, इंदापूरहून त्याहून लांब. मुलाला घेऊन दोन-तीन फेऱ्या करायच्या, तर पालकांचे तेवढे रोज बुडतात. त्यामुळे शिक्षकाने ‘याला तपासून घ्या’ असे ठामपणे सांगितल्याशिवाय कोणी निघत नाही. ठामपणे सांगण्यासाठी शिक्षकाकडे आठवणींपेक्षा भक्कम काही असावे लागते.

या भागात आणखी एक गुंता आहे. सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगर, शहाजीनगर या साखर कारखान्यांच्या परिसरात हंगाम सुरू झाला, की मराठवाड्यातून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येतात. त्यांची मुले दिवाळीच्या सुमारास गावची शाळा सोडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. यातले मूल वाचू शकत नसेल, तर ते डिस्लेक्सियामुळे की शिकण्याची संधीच न मिळाल्यामुळे? पुरेसे शिकवूनही वाचन येत नाही, तेव्हाच डिस्लेक्सियाची शंका घेता येते. ज्याला सलग सहा महिनेही फळा दिसलेला नाही, त्याला हे लेबल लावणे अन्यायाचे. उलट त्याची खरी अडचण ‘शाळाच बुडते ना’ या सबबीखाली झाकणे हाही अन्यायच. दोन्ही टाळायचे असतील तर एकच मार्ग उरतो. तो म्हणजे वेळोवेळी केलेली, तारखेसह लिहिलेली निरीक्षणे.

आठवण किती खरी?

नेमका हाच धडा फुटबॉलच्या विश्लेषणाने शिकवला आहे. राज्यातील फुटबॉलची पंढरी असलेल्या कोल्हापुरात सामना संपला, की दोन तालमींचे समर्थक एकाच सामन्याच्या दोन वेगळ्या कथा सांगतात. प्रेक्षकांचे सोडा, प्रशिक्षकांचेही तसेच होते. संशोधक इयन फ्रँक्स आणि गॅरी मिलर यांनी १९८६ मध्ये नवख्या प्रशिक्षकांना सामन्याचा अर्धा भाग दाखवून त्यातील प्रसंग विचारले. निम्म्याहूनही कमी उत्तरे बरोबर आली. २००८ मध्ये लेअर्ड आणि वॉटर्स यांनी अनुभवी प्रशिक्षकांवर असाच अभ्यास केला. अचूकता ५९ टक्क्यांच्या आसपासच राहिली. डोळ्यांसमोर घडलेल्यातला मोठा हिस्सा जाणकारालाही आठवत नाही. जे आठवते तेही गोल, पंचांचा वादग्रस्त निर्णय, एखादी ठळक चूक असे भडक रंगाचेच असते.

म्हणून नोंद हवी. इंग्लंडच्या हवाई दलातील चार्ल्स रीप यांनी १९५० मध्ये स्विंडन संघाचा सामना पाहताना वही-पेन्सिल काढली आणि चेंडूचा प्रत्येक प्रवास खुणांनी टिपायला सुरुवात केली. पुढे शेकडो सामने त्यांनी असेच टिपले. लिव्हरपूलमध्ये टॉम रायली आणि व्हॉन थॉमस यांनी १९७६ मध्ये एव्हर्टनचे खेळाडू सामन्यात किती धावतात हे मोजले. सरासरी अंतर साडेआठ किलोमीटरहून थोडे अधिक भरले. त्यातील चेंडू पायाशी असतानाचे अंतर दोन टक्क्यांच्या घरात होते. फुटबॉलपटूचा जवळजवळ सारा खेळ चेंडूविना चालतो, हे त्यातून आकड्यांत कळले.

रीप यांची कहाणी इशाराही देते. बहुतेक गोल तीन किंवा त्याहून कमी पासनंतर होतात, असे त्यांना आढळले. त्यावरून चेंडू लांब टोलवण्याच्या डावपेचांना बळ मिळाले. पण मुळात फुटबॉलमधील बहुतेक चाली तीन पासच्या आतच संपतात! माइक ह्यूज आणि फ्रँक्स यांनी २००५ मध्ये प्रत्येक प्रकारच्या एकूण किती चाली झाल्या हेही हिशेबात धरले, तेव्हा जास्त पासच्या चालींचे पारडे जड ठरले. नुसते मोजून भागत नाही. कशाच्या तुलनेत मोजले, हेही पाहावे लागते.

‘खेळ वाचणे’ आणि अक्षर वाचणे

चांगला खेळाडू ‘खेळ वाचतो’ असे आपण म्हणतो. हे वाचन म्हणजे काय, याचा शोध नॉर्वेतील संशोधक गेइर योर्डेट यांनी घेतला. इंग्लिश प्रीमियर लीगमधील ११८ खेळाडूंचे १,२७९ प्रसंग त्यांनी आणि सहकाऱ्यांनी तपासले. त्याविषयीचे निष्कर्ष २०१३ मध्ये समोर आले. चेंडू मिळण्यापूर्वीच्या काही सेकंदांत जे खेळाडू मान वळवून आजूबाजूला अधिक वेळा पाहतात, त्यांचे पास अधिक प्रमाणात योग्य सहकाऱ्यापर्यंत पोहोचतात, असे त्यांत दिसून आले.

या वाचनात जागा, वेग, दिशा आणि अंदाज यांना महत्त्व आहे. त्यात शब्द ध्वनींमध्ये फोडायचा नसतो. त्यामुळे पुस्तकात अडखळणारा मुलगा मैदान उत्तम वाचू शकतो, यात चमत्कार काही नाही. स्कॉटलंडचा आघाडीवीर स्टीव्हन नेस्मिथ याने आपल्याला डिस्लेक्सिया असल्याचे जाहीरपणे सांगितले आणि त्याबाबतच्या जनजागृतीत भाग घेतला. रेंजर्स, एव्हर्टन आणि राष्ट्रीय संघापर्यंतची त्याची वाटचाल या अडचणीने रोखली नाही.

मात्र येथे रीप यांची चूक पुन्हा करू नये. यशस्वी डिस्लेक्सिक व्यक्तींची यादी वाचून ‘अशी मुले खेळात जात्याच सरस असतात’ असे म्हणणे म्हणजे झालेले गोल मोजून फसलेल्या चाली विसरणे होय. ज्यांना मदत मिळाली नाही आणि जे शाळेतून गळाले, ते या यादीत नसतातच. संशोधनात असे कोणतेही सरसकट वरदान सिद्ध झालेले नाही.

उलट दिशेचा दावाही सावधपणे घ्यावा लागतो. रॉडरिक निकोल्सन आणि अँजेला फॉसेट यांनी १९९० मध्ये ब्रिटनमध्ये एक प्रयोग केला. डिस्लेक्सिया असलेली मुले नुसता तोल सांभाळताना इतरांसारखीच होती. त्याच वेळी मनात आकडे मोजायला सांगितले की त्यांचा तोल अधिक बिघडे. सवयीने आपोआप होणाऱ्या क्रियांतच अडचण असावी आणि तिचे मूळ लहान मेंदूत असावे, असा सिद्धान्त त्यातून पुढे आला. नंतरच्या अभ्यासांत असा दोष सर्वांत आढळला नाही. २००६ मध्ये रोशेल आणि टॅलकॉट यांनी अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा तोलाचा प्रश्न वाचनापेक्षा सोबत असलेल्या अवधानाच्या अडचणीशी अधिक जोडलेला दिसला. तोलाचे व्यायाम करून डिस्लेक्सिया बरा होतो, असा दावा करणारे संशोधन २००३ मध्ये प्रसिद्ध झाले होते, पण त्याच्या पद्धतीवर तज्ज्ञांनी कडक टीका केली. थोडक्यात, फुटबॉल खेळून वाचन सुधारत नाही. वाचन सुधारते ते ध्वनी आणि अक्षर यांची सांगड पायरीपायरीने, पुन्हा पुन्हा शिकवल्याने.

फळ्यावरचा डाव कोणासाठी?

मग या दोन विषयांची गाठ पडते कुठे? पहिली गाठ प्रशिक्षणाच्या पद्धतीत आहे. आधुनिक विश्लेषण खेळाडूपर्यंत पोहोचते ते तक्ते, टक्केवारी, फळ्यावरील बाण आणि लिखित सूचनांच्या रूपात. मध्यंतरात प्रशिक्षक एका दमात पाच सूचना देतो. ‘डावीकडून आत ये, मग उजवीकडे फिर’ असे सांगतो. अशा सूचनांचा क्रम लक्षात ठेवणे डिस्लेक्सिया असलेल्या अनेकांना जड जाते. काहींचा डाव्या-उजव्यात गोंधळ होतो. तो सूचना विसरला की ‘ऐकत नाही’ असा शिक्का बसतो. वर्गातला अन्याय मैदानावरही सुरू होतो.

उपाय महागडे नाहीत. सूचना एका वेळी एकच द्यावी आणि खेळाडूकडून ती त्याच्या शब्दांत वदवून घ्यावी. डावे-उजवे न म्हणता ‘शाळेच्या बाजूला’, ‘रस्त्याच्या बाजूला’ अशी खूण सांगावी. मोबाइलवरील दहा सेकंदांची चित्रफीत दाखवून ‘इथे तुला काय दिसले?’ असे विचारावे. संघाचा निरोप लिहून पाठवण्याऐवजी आवाजात पाठवावा. सर्वांसमोर फळ्यावरचे वाचायला कोणालाही उभे करू नये. यातला एकही बदल इतर मुलांचे नुकसान करत नाही.

दुसरी गाठ नोंदींची आहे. या दोन तालुक्यांत फुटबॉल हा पहिला खेळ नव्हे. कबड्डी, कुस्ती, खो-खो आणि क्रिकेट यांचेच इथे राज्य. तरी १५ सप्टेंबर २०१७ रोजी, १७ वर्षांखालील विश्वचषकाच्या तोंडावर, ‘मिशन वन मिलियन’ उपक्रमात राज्यभरातील शाळांतून फुटबॉल खेळवला गेला. त्याच विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव हा कोल्हापूरचा आणि पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेला. म्हणजे शाळेच्या मैदानातून वरपर्यंत वाट आहे.

हाताने करायच्या नोंदीला कागद-पेन्सिल पुरते. कागदावर मैदानाचा आयत काढून त्याचे चौकोन पाडावेत. खेळाडूला चेंडू मिळाला की त्या चौकोनात उभी रेघ, पास पोहोचला की बाण, चेंडू गमावला की फुली. दहा-दहा मिनिटांनी कागद बदलावा. दोन मुलांनी एकाच खेळाडूची वेगवेगळी नोंद करावी आणि नंतर ताडून पाहावी. दोघांचे जुळले तर नोंद भरवशाची. खेळ बदलला तर खुणा बदलाव्यात. हीच रीत कबड्डी आणि खो-खोलाही चालते.

या कागदावर एकही अक्षर नाही. रेघ, बाण आणि फुली एवढीच त्याची लिपी. म्हणजे वर्गात वाचताना ज्याला घाम फुटतो, तो मुलगाही या नोंदी पूर्ण अधिकाराने करू शकतो. आजवर ज्याच्याविषयी इतरांनीच शेरे लिहिले, त्याच्या हाती पेन्सिल येते, ती अशी.

मात्र मैदानावरील कागद हे निदान नव्हे. त्याचा उपयोग एवढाच, की शिक्षकाच्या हाती विसंगतीचा पुरावा येतो. समज, अंदाज आणि लक्ष या बाबतीत मूल मागे नाही, वाचनात मात्र सतत मागे आहे, हे तारखांसह दाखवता येते. त्याला जोडून ‘डाली’ची प्राथमिक चाळणी झाली, तर पालकांना शहराची वाट धरायला सबळ कारण मिळते. शालान्त परीक्षेत खेळाचे गुण मिळतात आणि अध्ययन अक्षमतेच्या सवलतीही मिळतात. पण या दोन फायली शाळेच्या दोन कपाटांत राहतात. त्या एका टेबलावर आल्या तर तिसरी-चौथीतच ओळखू येणारे मूल नववीपर्यंत ‘ढ’ म्हणून बसून राहणार नाही.

पर्सीच्या डॉक्टरने १८९६ मध्ये जे केले, ते अवघड नव्हते. त्याने मुलाला काय येत नाही याच्या शेजारी काय येते, हेही लिहून ठेवले. बारामती-इंदापूरच्या शाळांना एवढे करायला नवा निधी लागत नाही. एक वही लागते.

चौकट : शिक्षक व पालकांनी लक्षात ठेवावे

* तिसरीनंतरही वाचन फार संथ असणे, जोडाक्षरे, वेलांटी-उकार आणि सारख्या दिसणाऱ्या अक्षरांत सतत गल्लत होणे, तोंडी उत्तर चांगले पण लेखी कोरे असणे, ही तपासणीची लक्षणे आहेत, निदान नव्हे.
* आधी दृष्टी आणि श्रवण तपासून घ्यावे. शाळेत सलग हजेरी होती का, हेही पाहावे.
* घरची बोली आणि शाळेची भाषा वेगळी असेल, तर ती बाब नोंदीत लिहावी.
* निदान केवळ प्रशिक्षित तज्ज्ञच करू शकतात. व्यायाम, औषध किंवा खेळाने डिस्लेक्सिया ‘बरा’ करण्याच्या जाहिरातींपासून सावध राहावे.
* ‘वाचन सुधारेपर्यंत खेळ बंद’ ही शिक्षा देऊ नये. ज्या एका ठिकाणी मुलाची मान ताठ असते, ते ठिकाण त्याच्याकडून हिरावून घेऊ नये.